वेबसाइटचे कुलूप : ते वेगळे का होते, आणि आज व्यापाऱ्याने काय मागावे

कापडाच्या धंद्यात गुप्त भाषा नवी नाही. ताग्यावरच्या चिठ्ठीत खरेदीचा भाव आकड्यांऐवजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत जुनी आहे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन. मालक आणि नोकर दोघांना तो शब्द ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला नुसती अक्षरे दिसतात. पण ही युक्ती आधीपासून ओळख असलेल्या माणसांपुरतीच चालते. आरमोरीच्या कोशाच्या साडीची मागणी पुण्याहून किंवा दुबईहून एखादा अनोळखी ग्राहक वेबसाइटवर नोंदवतो, तेव्हा त्याच्याशी आधी शब्द ठरवणार कसा? त्याचे नाव, पत्ता, मोबाइल नंबर, पासवर्ड अनेक कंपन्यांच्या यंत्रांतून आणि तारांतून येतात. ते उघडे असतील तर वाटेतला माणूस पोस्टकार्डासारखे वाचू शकतो.

हा पेच सोडवणारी रीत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. भर बाजारात, सर्वांच्या देखत बोलूनही दोन अनोळखी माणसे गणिताच्या जोरावर एक गुप्त चावी ठरवू शकतात. या हेलमन यांचे एक विद्यार्थी म्हणजे कैरो विद्यापीठातून शिकून गेलेले ताहेर एलगमाल. ते पुढे नेटस्केप कंपनीत मुख्य शास्त्रज्ञ झाले. तिथे 'एसएसएल' नावाचे वेबसाठीचे कुलूप तयार झाले आणि १९९५ साली बाहेर आले. एलगमाल यांना एसएसएलचे जनक म्हटले जाते. आपल्या मदरशांत आणि शाळांत गणिताच्या तासाला हे नाव सांगितले तर बरे होईल.

आता मूळ प्रश्न. वेबसाइट ज्या संगणकावरून चालते त्यावर वेब सर्व्हर नावाचा कार्यक्रम असतो. 'अपाचे' हा असा फुकट मिळणारा सर्व्हर १९९५ पासून जगभर पसरला. दुकान फुकट मिळाले, पण कुलूप त्यात नव्हते. ते बसवणे कठीण होते असे नाही. आडवा आला तो अमेरिकेचा कायदा. मजबूत गुप्तलेखनाची गणना तिथे शस्त्रास्त्रांत होत होती. परदेशी पाठवायच्या मालात साधारणपणे ४० बिटचीच चावी चालत असे. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी चाव्या. आकडा मोठा वाटतो, पण ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या दामिएन दोलिजे यांनी शंभरावर संगणक लावून असे एक कुलूप ८ दिवसांत उघडून दाखवले.

म्हणून कुलूप अमेरिकेबाहेर घडवले गेले. ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी त्याचे गणित लिहिले, इंग्लंडमध्ये बेन लॉरी यांनी ते अपाचेला जोडले आणि जर्मनीत राल्फ एंगेलशाल यांनी १९९८ साली 'मॉड-एसएसएल' हे वेगळे मॉड्यूल काढले. मॉड्यूल म्हणजे शिलाई मशीनला हवा तेव्हा लावायचा जोड. ज्याला हवे त्याने बसवावे. अमेरिकेने जानेवारी २००० मध्ये नियम सैल केले आणि २००२ च्या अपाचे २.० पासून हे मॉड्यूल सर्व्हरबरोबरच मिळू लागले.

आपल्याकडेही याचा गोंधळ होता. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या परवान्यात खास परवानगीशिवाय ४० बिटची मर्यादा होती, तर रिझर्व्ह बँकेने १४ जून २००१ च्या सूचनांत बँकांना किमान १२८ बिटचे एसएसएल सांगितले. एक खाते म्हणते लहान कुलूप लावा, दुसरे म्हणते मोठे!

हा इतिहास सांगण्याचे कारण पैशाचे आहे. वेबसाइट बनवून देणारे काही जण आजही छोट्या दुकानदाराकडून 'एसएसएल'चे दरसाल वेगळे पैसे घेतात. मॉड्यूल फुकट आहे. कुलपाबरोबर लागणारे प्रमाणपत्रही 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१६ पासून सर्वांना मोफत देते. काही सर्व्हरवर मॉड्यूल अजूनही हाताने चालू करावे लागते, त्या मेहनतीचे पैसे द्यावेत. कुलपाची किंमत म्हणून देऊ नयेत. जुलै २०१८ पासून गूगलचा क्रोम बिनकुलपाच्या वेबसाइटवर 'सुरक्षित नाही' अशी पाटी दाखवतो. ग्राहक तिथूनच परत जातो.

व्यवहार ठरवताना एवढे विचारावे. पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो का? जुन्या पत्त्याने आलेला ग्राहक आपोआप तिकडे वळतो का? मोफत प्रमाणपत्राची मुदत थोडी असते, ते आपोआप नवे होण्याची सोय केली आहे का? आणि वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे? ते दुकानाच्याच नावावर हवे, नाहीतर भांडण झाले की दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या हातात राहते.

प्रमाणपत्र म्हणजे गवाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि त्यावर गवाह घेण्याचा हुकूम आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. इथे गवाह असते ती प्रमाणपत्र देणारी संस्था. हा पत्ता याच दुकानाचा आहे, एवढे ती सांगते. गवाहही चुकतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि ती रद्द करावी लागली.

खरेदी करतानाही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नागपूरच्या गांधीबागेतून चामोर्शीला येणारी गाठ शिवलेली असते. ट्रान्सपोर्टवाल्याला पत्ता आणि वजन कळते, आतला माल दिसत नाही. पण शिवण पक्की आहे म्हणून आतले कापड चांगलेच निघेल असे कोणी व्यापारी मानत नाही. फुकटचे कुलूप लबाडालाही मिळते. खोट्या बँकेच्या, खोट्या सेलच्या वेबसाइटही 'एचटीटीपीएस'नेच सुरू होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचे कुलपाचे चित्र काढून टाकले, ते याच गैरसमजामुळे. शिवाय कुलूप असते ते वाटेपुरते. ग्राहकाची यादी सर्व्हरवर पोहोचली की ती कोण उघडतो, पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे आणि नोकरी सोडून गेलेल्या मुलाकडे तो अजून आहे का, हे मालकालाच पाहावे लागते.