पुंगळीचा गळा आणि नेमबाजाची शिस्त

म्युनिक हे नाव उच्चारताच इस्राएलमधील घराघरांत सप्टेंबर १९७२ ची आठवण जागी होते. त्या ऑलिंपिकमध्ये आपल्या पथकातील जे अकरा जण बळी पडले, त्यांत नेमबाजीचे प्रशिक्षक केहात शोर हेही होते. त्यांच्या पथकातील दोन्ही नेमबाज, हेन्री हर्शकोविट्झ व झेलिग श्टोर्च, सुदैवाने बचावले. त्या ऑलिंपिकसाठी शहराच्या उत्तरेस होखब्रुक येथे बांधलेले नेमबाजीचे मैदान आजही उभे आहे. त्याच म्युनिकमध्ये ऑगस्ट २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेतेपद संपादिले. एक स्मृती आपल्या राष्ट्राची, दुसरी आपल्या मायबोलीच्या मुलखाची. म्हणून या खेळाविषयी चार शब्द लिहावेसे आम्हांस वाटले.

पन्नास मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते. एवढी अचूकता केवळ हात व डोळा यांच्या बळावर साधत नाही. काडतूसही तितकेच विश्वासू असावे लागते. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि गळ्यात बसविलेली गोळी. बार उडताच वायूच्या दाबाने पितळ फुगून रायफलच्या कोठीला आतून चिकटते व वायूस मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ते किंचित आकसते. मात्र गळा पूर्वीच्या मापावर परत येत नाही. नवी गोळी त्यात सैल पडते. म्हणून मोठ्या रायफलची पुंगळी पुन्हा भरावयाची झाल्यास तिचा गळा पोलादी साच्यात दाबून अरुंद करावा लागतो. गोळी ७.८२ मिलिमीटर जाडीची असेल, तर गळ्याचे आतील माप साधारणतः ०.०५ मिलिमीटरने कमी ठेवतात. हा फरक केसाच्या जाडीएवढाच!

पकड सैल राहिल्यास गोळी आत सरकण्याची भीती असते आणि त्यामुळे दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो. एका पुंगळीची पकड घट्ट व दुसरीची ढिली झाल्यास गोळ्यांचा वेग कमीजास्त होतो, आणि ३०० मीटरवर तो फरक लक्ष्यावर वर-खाली उमटतो. म्हणजे पकड किती आहे, यापेक्षा ती सर्व पुंगळ्यांत सारखी आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

साचेही दोन तऱ्हेचे असतात. एक संपूर्ण पुंगळी मूळ मापावर आणतो. दुसरा केवळ गळा दाबतो आणि बाकीचे अंग ज्या रायफलीत फुगले, तिच्याच मापाचे राहू देतो. अशी पुंगळी त्या रायफलीत चपखल बसते, परंतु दुसरीत बसेलच याची खात्री नसते. शिवाय काही बारांनंतर रायफलचा बोल्ट जड लागू लागतो. तेव्हा पूर्ण साच्याचा आश्रय घ्यावाच लागतो. स्वयंचलित रायफलींना तर पूर्ण मापाचीच पुंगळी हवी.

वारंवार फुगून व दबून पितळ कडक होते आणि गळ्याला चीर जाते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरास हे नवे नाही. ठोकून कडक झालेले भांडे तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतो. नेमबाजही तसेच करतो, पण उष्णता फक्त गळ्याला व खांद्याला देतो. बूड मऊ झाल्यास ते बाराचा दाब सोसणार नाही व चेहऱ्याजवळच फुटेल.

याच कारणाने जर्मनीत हा घरगुती छंद मानला जात नाही. स्फोटक पदार्थांच्या कायद्याच्या २७ व्या कलमान्वये खाजगी व्यक्तीस परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षणक्रम, परीक्षा, चारित्र्याची तपासणी व सबळ कारण, म्हणजे शिकार वा नेमबाजीचा खेळ, ही सर्व आवश्यक आहेत. हाती चूक झाल्यास इजा प्रथम करणाऱ्यास होते, आणि नंतर शेजारी उभ्या असलेल्या निरपराध्यास, हे त्या कायद्याने ओळखले आहे.

आता एक गोष्ट वाचकांस नवलाची वाटेल. तेजस्विनीबाईंच्या प्रकारातील .२२ काडतुसाला हे काहीच लागू नाही! त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. घोड्याच्या आघाताने काठ चेपला की पुंगळीचे काम संपले. गळा दुरुस्त करण्याची संधीच नाही. मग नेमबाज निवड करतो. एकाच कारखान्यातील, एकाच यंत्रावरील दोन खेपाही अगदी सारख्या नसतात. एल्बेकाठच्या शोनेबेक गावी, जेथे लापुआची .२२ काडतुसे तयार होतात, तेथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. ती पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या खेपांच्या गोळ्या झाडतात व ज्या खेपेचे वेध सर्वांत जवळ पडतील, ती खेप विकत घेतात.

आपली मुले क्रीडासंघात वा सैन्यात रायफल हाती घेतात, तेव्हा आईबाप निशाण किती लागले एवढेच विचारतात. आमची विनंती अशी की, निशाणापूर्वी काय तपासले, हेही विचारावे. सुधारता येईल तेथे मोजून सुधारावे, न येईल तेथे पारखून निवडावे, आणि धोका असेल तेथे शिकल्यावाचून हात घालू नये, एवढे त्यांनी अंगी बाणविले तर पदक न मिळाले तरी रायफल सुरक्षित हाती आहे, असे समजावे.