अंगणातील सदाफुली आणि शिरेतील औषध

शिनोलीसारख्या गावात, पाणी घालावयाचे राहिले तरी अंगणाच्या कडेला फुलतच राहणाऱ्या सदाफुलीच्या पानांत, रक्ताच्या कर्करोगावर चालणारे व्हिंक्रिस्टीन हे औषध अत्यल्प प्रमाणात असते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कॅनडात १९५० नंतरच्या दशकात ही पाने मधुमेहासाठी तपासली जात असता, उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीच घटल्या, आणि त्या अनपेक्षित घटनेतून या कुळातील औषधांची वाट सापडली.

पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म धागे तयार होतात व, नाडा मोट ओढतो तसे, ते गुणसूत्रांना दोन बाजूंस ओढून नेतात. हे औषध ते धागेच होऊ देत नाही, म्हणून पेशी अर्ध्यावर अडते आणि मरते. परंतु केसांच्या मुळांतील पेशीही सतत दुभंगत असल्याने केस गळतात (ते पुढे पुन्हा उगवतात), आणि मज्जातंतूंतील मालवाहतूक याच धाग्यांवरून चालत असल्यामुळे बोटांना मुंग्या येतात, सदऱ्याचे बटण लागेनासे होते, शौचास घट्ट होते. ही लक्षणे किरकोळ समजून कृपा करून लपवू नयेत. मात्रेचा फेरविचार डॉक्टर त्यांवरूनच करतात.

हे औषध केवळ शिरेतून द्यावयाचे; मणक्यात गेल्यास ते प्राणघातक ठरते. शिरेबाहेर झिरपल्यास मांस जळते, म्हणून सुईची जागा चुरचुरताच, भीड न धरता, परिचारिकेस तत्काळ सांगावे. उपचारांच्या काळात ताप १००.४ अंशांवर गेल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि अंगणातील पाने चावू नयेत, त्यांचा काढाही घेऊ नये. मात्रेचा हिशेब नसलेले ते विषच होय.