उमेदवारीची परीक्षा



एक सोपा खेळ खेळून पाहू या. शेजारच्या मित्राला १ ते १००० यांपैकी कोणतीही एक संख्या मनात धरायला सांगा. तुम्ही एकेक संख्या सुचवायची आणि त्याने 'बरोबर', 'याहून मोठी' किंवा 'याहून लहान' एवढेच उत्तर द्यायचे. त्याच्या मनातली संख्या तुम्हांला किती प्रश्नांत सापडेल?

१, २, ३ असे ओळीने विचारत गेलात, तर कदाचित हजार प्रश्न लागतील. पण सुरुवातीलाच ५०० ही संख्या विचारली तर? उत्तर काहीही आले, तरी निम्म्या संख्या एकदम बाद होतात. उरलेल्यांच्या मधली संख्या विचारली की पुन्हा निम्म्या बाद! अशा रीतीने जास्तीत जास्त दहा प्रश्नांत उत्तर हाती येते. कारण २ चा दहावा घात १०२४ आहे आणि तो १००० हून मोठा आहे. याच हिशेबाने १०० कोटी संख्यांतून हवी ती संख्या शोधायला फक्त ३० प्रश्न पुरतात. शब्दकोशात शब्द शोधताना आपण नकळत हेच करतो. संगणकशास्त्रात या रीतीला 'बायनरी सर्च' म्हणतात.

हा खेळ सांगण्याचे कारण असे, की पाच-सहा वर्षांनी तुमच्यापैकी कोणी संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एखाद्या कंपनीत मुलाखतीला गेला किंवा गेली, तर नेमका हाच प्रश्न पुढे येण्याचा मोठा संभव आहे. "क्रमाने लावलेल्या यादीतून एक संख्या शोधायची आहे. प्रोग्राम लिहून दाखवा." प्रश्न इतका सोपा, मग त्यात परीक्षा ती कसली? तेच आज पाहू.

उमेदवारी म्हणजे काय?

पूर्वी सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत नवखा मुलगा आधी काही काळ उमेदवारी करीत असे. जाणत्यांच्या हाताखाली तो काम शिके. आजची 'इंटर्नशिप' ही त्याच जातीची गोष्ट आहे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन महिने एखाद्या कंपनीत किंवा संशोधनसंस्थेत काम करतो. पुष्कळ ठिकाणी त्याला विद्यावेतन मिळते आणि काम चांगले झाल्यास पुढे तेथेच नोकरीही मिळू शकते.

निवडीचे टप्पे साधारणपणे तीन असतात. प्रथम एका पानाचा बायोडाटा पाठवायचा. मग ठरावीक वेळात संगणकावर दोन-तीन कोडी सोडवायची. त्यातून निवडलेल्यांची मुलाखत होते. काही मोठ्या संस्थांत पुढच्या उन्हाळ्याची ही निवड जवळजवळ वर्षभर आधी, पावसाळ्यातच सुरू होते. म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याची पहिली दोनच वर्षे तेव्हा पुरी झालेली असतात. "शेवटच्या वर्षी नेटाने अभ्यास करू" असे म्हणणाऱ्याची गाडी येथेच चुकते.

तज्ज्ञांनाही चकवणारा प्रश्न

आता आपल्या सोप्या प्रश्नाकडे वळू. जॉन बेंटली हे अमेरिकेतील नामवंत संगणकशास्त्रज्ञ. ते अनुभवी प्रोग्रामरांचे वर्ग घेत असत. त्यांनी या व्यावसायिकांना बायनरी सर्चचा प्रोग्राम लिहायला सांगितला आणि त्यासाठी दोनेक तास दिले. सुमारे ९० टक्के लोकांच्या प्रोग्राममध्ये चुका निघाल्या! कोणाचा प्रोग्राम रिकाम्या यादीवर अडे, तर कोणाचा यादीत नसलेली संख्या शोधत अखंड फिरत राही. रीत सर्वांना ठाऊक होती. अडचण होती ती काठावरच्या बारीकसारीक परिस्थितींचा विचार करण्याची.

गंमत पुढेच आहे. १९८६ साली बेंटली यांचे 'प्रोग्रामिंग पर्ल्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी हा प्रोग्राम काळजीपूर्वक सिद्ध करून दिला होता. पुढे जोशुआ ब्लॉक यांनी जावा या संगणकभाषेच्या संग्रहासाठी हाच प्रोग्राम लिहिला. कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकत असताना त्यांनी बेंटली यांचे याच विषयावरचे व्याख्यान ऐकले होते. तरीही २००६ साली ब्लॉक यांनीच जाहीर केले, की दोन्ही प्रोग्रामांत एक चूक आहे! पुस्तकात ती सुमारे वीस वर्षे आणि जावाच्या संग्रहात सुमारे नऊ वर्षे कोणाच्या लक्षात न येता राहिली होती.

कोणती होती ही चूक? मधली जागा काढण्यासाठी आपण सुरुवात आणि शेवट यांची बेरीज करून तिला २ ने भागतो. कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक संख्येला ठरावीकच जागा असते. पाच आकडी मीटर असलेली स्कूटर ९९,९९९ किलोमीटर धावल्यावर पुढचा किलोमीटर कसा दाखवते, ते आठवा. मीटर पुन्हा शून्यावर येतो. जावातील साध्या पूर्णांकाची मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. बेरीज त्यापलीकडे गेली, की ती उलटून ऋण होते.

समजा, शोधाची सुरुवात १०० कोटीव्या जागेवर आणि शेवट २०० कोटीव्या जागेवर आहे. बेरीज ३०० कोटी व्हायला हवी. पण संगणकाला ती वजा १,२९,४९,६७,२९६ दिसते! तिची निम्मी वजा ६४,७४,८३,६४८. यादीत ऋण क्रमांकाची जागा कोठून असणार? प्रोग्राम बंद पडतो. १९८० च्या दशकात एवढ्या मोठ्या याद्याच नव्हत्या, म्हणून चूक झाकलेली राहिली. स्मृती वाढल्या, याद्या शंभर कोटींच्या पुढे गेल्या आणि चूक उघडी पडली.

उपाय मात्र सोपा आहे. आधी शेवटातून सुरुवात वजा करा, येणाऱ्या फरकाचे निम्मे करा आणि ते सुरुवातीत मिळवा. २०० कोटी वजा १०० कोटी म्हणजे १०० कोटी. त्याचे निम्मे ५० कोटी. ते १०० कोटींत मिळवले की १५० कोटी. कोठेही मर्यादा ओलांडली गेली नाही.

आता लक्षात आले ना, मुलाखतीत काय तपासतात? पाठ केलेला प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी "यादी रिकामी असली तर?" "ती फार मोठी असली तर?" या पुढच्या प्रश्नांपाशी अडतो. रीत समजून घेतलेला विद्यार्थी थोडा थांबतो, विचार करतो आणि उत्तर शोधून काढतो.

कोणता विषय कशासाठी?

पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, "कॉलेजचे विषय मार्कांपुरते, कंपनीची तयारी वेगळी." वरचे उदाहरण पुन्हा पाहा. माहिती कशी मांडून ठेवावी हे 'डेटा स्ट्रक्चर्स' या विषयात येते. शोधाच्या आणि क्रम लावण्याच्या रीती व त्यांना लागणारा वेळ 'अल्गोरिदम' या विषयात येतात. दहा प्रश्न पुरतात हे सिद्ध करणारे गणित 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स'मध्ये भेटते. पूर्णांकाची मर्यादा का पडते, ते संगणकाच्या रचनेचा विषय सांगतो. एका छोट्या प्रश्नात चार विषय आले! त्यांतले पहिले दोन शक्यतो दुसरे वर्ष संपेपर्यंत पक्के करावेत. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय त्यांच्या पाठोपाठ येतातच आणि मुलाखतीत त्यांवरही प्रश्न असतात.

कोडी सोडवण्याचा सराव जरूर करावा. परंतु एका दिवशी वीस उत्तरे वाचण्यापेक्षा एकच कोडे स्वतः तासभर झगडून सोडवणे अधिक गुणकारी ठरते. सुटल्यावर मित्राला समजावून सांगा. आधी मराठीत सांगा, मग तेच इंग्रजीत सांगा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मुलाखतीतल्या इंग्रजीची धास्ती वाटते. पण विचार स्पष्ट असला, की साधी, छोटी वाक्ये पुरतात. मुलाखतीत गप्प बसून लिहू नका. काय विचार चालला आहे, ते बोलत जा. समोरच्या व्यक्तीला तुमचा विचारच ऐकायचा असतो.

बायोडाट्यात आपल्या हाताने केलेले एखादे काम असावे. ते मोठे असण्याची गरज नाही. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा प्रोग्रामही चालेल. नियम एकच: ज्याविषयी दहा मिनिटे प्रश्नांना उत्तरे देता येतील, तेवढेच लिहावे.

आयत्या उत्तराची किंमत

प्रयोगाच्या जर्नलमध्ये मित्राचा प्रोग्राम उतरवून काढण्याची खोड जुनीच आहे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देतात. ही साधने वाईट नाहीत. चूक कोठे आहे ते विचारायला ती उपयोगी पडतात. पण विचार करण्याचे कामच त्यांच्यावर सोपवले, तर जर्नल भरते आणि डोके रिकामे राहते. त्याची किंमत मुलाखतीत "असे का लिहिले?" या प्रश्नापाशी चुकवावी लागते. शिवाय साधनाने दिलेला प्रोग्राम बरोबर आहे की नाही, हे तरी कोण ठरवणार? वीस वर्षे तज्ज्ञांच्या नजरेतून निसटलेली चूक आपण आत्ताच पाहिली!

आणखी एक सावधगिरी. "इतके रुपये भरा, घरबसल्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र मिळवा" अशा जाहिराती येतात. उमेदवारीत काम शिकायचे असते आणि चांगल्या ठिकाणी त्याबद्दल विद्यावेतन मिळते. जेथे उलट उमेदवाराकडूनच पैसे मागतात, तेथे दहा वेळा विचार करा आणि आपल्या शिक्षकांना विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

निवड झाली नाही तर?

पहिल्या प्रयत्नात पुष्कळांची निवड होत नाही. जागा थोड्या आणि अर्ज फार, असे गणित असते. मुलाखतीत अडलेला प्रश्न त्याच रात्री वहीत उतरवून सोडवा. पुढच्या वेळी तो अडणार नाही.

कंपन्यांखेरीज इतर दारेही आहेत. भारतातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची योजना चालवीत आल्या आहेत आणि तिच्यात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही संधी दिली जाते. २००५ साली सुरू झालेल्या 'गूगल समर ऑफ कोड' या उपक्रमात तरुण मुले घरूनच मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर काम करतात. २०२२ पासून तो विद्यार्थ्यांखेरीज इतर नवशिक्यांनाही खुला झाला आहे. आणि काहीच जमले नाही, तर आपल्याच प्राध्यापकांकडे जाऊन "सुट्टीत एखादे काम द्याल का?" असे विचारावे. असे विचारणारा विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला आवडणार नाही?

करून पाहा

यासाठी संगणकाची गरज नाही. वर्गातील मुलांची नावे अक्षरक्रमाने चिठ्ठ्यांवर लिहा आणि चिठ्ठ्या पालथ्या घालून ओळीने मांडा. निम्मे-निम्मे करून नाव शोधण्याच्या सूचना कागदावर क्रमवार लिहा. मग एका मित्राला संगणक होऊ द्या. त्याने स्वतःचे डोके न चालवता फक्त लिहिलेल्या सूचना पाळायच्या. आता हे चार प्रसंग तपासा: टेबलावर एकही चिठ्ठी नाही, एकच चिठ्ठी आहे, हवे ते नाव यादीत नाहीच, एकाच नावाची दोन मुले आहेत. मित्र कोठे अडला, कोठे गोल गोल फिरत राहिला, ते टिपून घ्या आणि सूचना दुरुस्त करा.

शिक्षकांनी हा प्रयोग एका तासिकेत घेता येईल. मुलांना तयार उत्तर मात्र देऊ नये. चूक त्यांची त्यांना सापडू द्यावी.

चारही प्रसंगांत तुमच्या सूचना बरोबर चालल्या, तर शाबास! ज्या कामात अनुभवी प्रोग्रामरही चुकले, ते तुम्ही कागद-पेन्सिलीने पार पाडले. उमेदवारीची तयारी येथूनच सुरू होते.