सातासमुद्रापलीकडचा मृत्यूचा दाखला

घरातील माणसाच्या निधनानंतर दुःखाबरोबर काही कर्तव्येही कुटुंबाच्या पदरी येतात. सांत्वनासाठी येणाऱ्यांची वर्दळ ओसरते आणि बँक, विमा कंपनी, गृहनिर्माण संस्था, तलाठी कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी एकच कागद मागितला जातो : मृत्यूचा दाखला. निधन गावात झाले असेल तर ग्रामपंचायतीत जावे, शहरात झाले असेल तर महानगरपालिकेत, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु निधन अमेरिकेत झाले असेल तर कोणत्या दारी जावे, हे फारच थोड्यांना माहीत असते.

हा प्रश्न आता विरळा राहिलेला नाही. १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतर कायदा बदलला आणि भारतातील डॉक्टर, इंजिनिअर व संशोधक मोठ्या संख्येने तिकडे गेले. महाराष्ट्रातीलही अनेक घरांतून कोणी ना कोणी गेले. त्या पिढीतील बरेच जण आज हयात नाहीत. त्यांची नावे मात्र गावाकडच्या सातबाऱ्यावर आणि वाडवडिलांच्या घराच्या उताऱ्यावर तशीच आहेत. समजा, सांगलीकडील एका कुटुंबातील थोरले बंधू शिकागोजवळ स्थायिक झाले आणि तेथेच निवर्तले. त्यांचा दाखला मिळेपर्यंत वारस नोंद होत नाही, वाटणी होत नाही आणि मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना स्वतःच्या हिश्श्याचाही व्यवहार करणे कठीण होते. एका कागदावाचून दोन पिढ्या अडून राहतात.

नोंद कोठे असते?

पहिली गोष्ट अशी की, अमेरिकेत मृत्यूचा दाखला देणारे एकच केंद्रीय कार्यालय नाही. वॉशिंग्टनमधील संघ सरकार मृत्यूंची आकडेवारी गोळा करते, परंतु दाखला देत नाही. जन्ममृत्यूची नोंद हा राज्यांचा विषय आहे. सर्व राज्ये एका समान नोंदणी पद्धतीत येण्यास १९३३ साल उजाडले. राज्याखाली काउंटी असते. ढोबळ मानाने तिला आपल्याकडील जिल्हा म्हणता येईल. अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या त्या देशात आहेत, एकट्या इलिनॉय राज्यात १०२.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नोंद होते ती मृत्यू जेथे घडला तेथे. मृत व्यक्ती जेथे राहत होती तेथे नव्हे, आणि जेथे तिच्यावर अंत्यसंस्कार झाले तेथेही नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्यांच्या पाठीराख्या कार्पेंटरबाईंच्या कौटुंबिक दफनभूमीत आहेत. पोकीप्सी हे डचेस काउंटीत येते. परंतु आनंदीबाईंचे निधन २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झाले. समाधीचा दगड पाहून कोणी डचेस काउंटीत त्यांच्या मृत्यूची नोंद शोधू लागला, तर तो रिकाम्या हाती परतेल.

शिकागोच्या परिसरात हीच चूक वेगळ्या रूपात होते. जैन मंदिरामुळे परिचित झालेले बार्टलेट हे गाव कुक, ड्यूपेज आणि केन अशा तीन काउंट्यांत विभागलेले आहे. शेजारचे एल्जिन शहर कुक व केन या दोन काउंट्यांत मोडते. त्यामुळे घराच्या पत्त्यावरून काउंटी ठरवू नये. शेवटचा श्वास कोणत्या रुग्णालयात वा कोणत्या घरी घेतला आणि ती जागा कोणत्या काउंटीत येते, हे आधी निश्चित करावे.

राज्य बदलले की दारही बदलते. इलिनॉयमध्ये नोंद स्थानिक निबंधक, काउंटी क्लर्क आणि राज्याचा आरोग्य विभाग अशा तीन ठिकाणी असते. कॅलिफोर्नियात अलीकडच्या मृत्यूंचे दाखले बहुतेक ठिकाणी काउंटीचा आरोग्य विभाग देतो आणि जुने दाखले काउंटी रेकॉर्डर देतो. न्यू जर्सीत काउंटीऐवजी त्या गावाच्या वा शहराच्या स्थानिक निबंधकाकडे जावे लागते. न्यूयॉर्क शहराचे दप्तर तर त्याच नावाच्या राज्यापासून वेगळे आहे.

शोध कसा घ्यावा?

मृत्यू अलीकडचा असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारे फ्युनरल होम. दाखल्यातील कौटुंबिक माहिती नातलगांकडून घेऊन तो दाखल करण्याचे काम तेच करते. मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितात. मृत्यू अपघाती वा संशयास्पद असेल तर ते काम कॉरोनर किंवा मेडिकल एक्झामिनर या अधिकाऱ्याकडे जाते. फ्युनरल होमचे नाव कळले की काउंटीचे नाव बहुधा आपोआप कळते.

काळ लोटला असेल तर प्रथम तारीख शोधावी. वृत्तपत्रातील निधनवार्ता, घरी आलेली जुनी पत्रे, दफनभूमीचे वा दहनगृहाचे दप्तर यांतून ती मिळू शकते. सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेल्या मृत व्यक्तींची एक सूचीही आहे. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती विनामूल्य पाहता येते. मात्र २०१३ च्या कायद्यानंतर अलीकडच्या मृत्यूंची माहिती सर्वांसाठी लगेच खुली होत नाही. फार जुन्या नोंदींसाठी इलिनॉयच्या राज्य अभिलेखागाराने १९१६ ते १९५० या काळातील मृत्यूंची सूची तयार केली आहे. त्याआधीच्या काळात शिरताना एक मर्यादा लक्षात ठेवावी. ऑक्टोबर १८७१ च्या शिकागोतील भीषण आगीत कुक काउंटीचे तोपर्यंतचे दप्तर भस्मसात झाले.

अशी सूची म्हणजे दाखला नव्हे. तिचा उपयोग दार कोणते हे कळण्यापुरता. कायदेशीर कामाला लागते ती कार्यालयाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत.

मागणी करताना

अर्जात मृत व्यक्तीचे पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, ठिकाण, अर्जदाराचे नाते आणि दाखला कशासाठी हवा ते लिहावे लागते. सोबत अर्जदाराचे ओळखपत्र आणि शुल्क द्यावे लागते. इलिनॉयमध्ये प्रमाणित प्रत मिळण्यासाठी त्या नोंदीशी आपला वैयक्तिक वा मालमत्तेचा हितसंबंध दाखवावा लागतो. मृत्यूला वीस वर्षे झाली असतील तर वंशावळीच्या अभ्यासासाठी साधी प्रत मागता येते. कॅलिफोर्नियात दोन प्रकारच्या प्रती असतात. जवळच्या नातलगांना अधिकृत प्रत मिळते आणि टपालाने मागणी केल्यास नोटरीसमोर केलेले शपथपत्र जोडावे लागते. इतरांना केवळ माहितीपर प्रत मिळते आणि तसा शेरा तिच्यावर छापलेला असतो. ही दुसरी प्रत वारसाच्या कामासाठी मागवू नये.

जादा प्रती एकाच वेळी मागवाव्यात. इलिनॉयमध्ये पहिल्या प्रतीपेक्षा पुढील प्रतींचे शुल्क कमी असते, आणि बँक, विमा व जमीन या तीन कामांना तीन प्रती लागू शकतात. भारतातील बँकेचा रुपयांतील धनादेश तेथे चालत नाही. म्हणून तेथील मुलगा, भाची वा अन्य जवळच्या नातलगाकडून अर्ज करणे सोयीचे ठरते. नोंद सापडली नाही तरी शोधाचे शुल्क बहुधा परत मिळत नाही. म्हणून तारीख व काउंटी यांची खातरजमा आधी करणे श्रेयस्कर.

नावाचा गुंता

अनेक शोध येथेच अडतात. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे वा पतीचे असते. तिकडे ते गाळले जाते, एका अक्षरावर येते किंवा स्वतःच्याच नावाचा भाग मानले जाते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलले असेल तर गुंता वाढतो. दाखल्यात मृत व्यक्तीच्या आईचे विवाहापूर्वीचे आडनाव विचारलेले असते आणि ते ऐनवेळी मुलानातवंडांना सांगता येत नाही. स्पेलिंगचाही फरक पडतो. आनंदीबाईंचे जोशी हे आडनाव अमेरिकेत शेवटी दोन वेळा ‘ई’ लावून लिहिले गेले. आजच्या सवयीने शोधणाऱ्याला ते यादीत दिसणार नाही. म्हणून नाव जितक्या रीतींनी लिहिले जाऊ शकते तितक्या रीतींनी शोधावे.

दाखल्यातील कौटुंबिक तपशील चुकला असेल तर पुराव्यासह दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मृत्यूचे कारण मात्र ते प्रमाणित करणारा डॉक्टर वा अधिकारीच बदलू शकतो. सातबाऱ्यावरील नाव व दाखल्यावरील नाव वेगळे असेल तर दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र येथे करावे लागते.

दाखला हाती आल्यावर

परदेशी दाखल्यावरील सहीशिक्का खरा असल्याची खूण म्हणजे ॲपोस्टिल. या संबंधीच्या हेग करारात भारत २००५ साली सामील झाला. अमेरिका त्यात आधीपासूनच आहे. ज्या राज्याचा दाखला, त्याच राज्याच्या सक्षम कार्यालयाकडून, बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून, ॲपोस्टिल घ्यावे. प्रत भारतात वापरायची आहे हे अर्ज करतानाच सांगितल्यास योग्य सहीची प्रत मिळते आणि दुसरी फेरी वाचते.

मृत व्यक्ती शेवटपर्यंत भारतीय नागरिक असेल तर भारतीय वाणिज्य दूतावासातही तिच्या मृत्यूची नोंद करता येते. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातील कलम २० मध्ये यासाठी तरतूद आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीसाठी मात्र तेथील दाखला व त्यावरील ॲपोस्टिल हाच आधार.

या सर्व खटपटीतून एक गोष्ट ध्यानी येते. काउंटीच्या दप्तरात जे लिहिले जाते ते दुःखाच्या पहिल्या काही तासांत कुणा मुलाने वा नातवाने सांगितलेले असते. त्याला ठाऊक असेल तेवढेच कागदावर उतरते. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी हयात असतानाच त्यांचे संपूर्ण नाव, आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, जन्मतारीख, नागरिकत्व आणि गावाकडील मालमत्तेवर नाव कसे लिहिले आहे, हे सारे एका वहीत मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहून ठेवावे. त्या वहीची एक प्रत परदेशी असलेल्या मुलांकडेही असावी. वडिलांजवळ बसून ती वही भरण्यास एक दुपार पुरे होते.