पेट्रोलच्या टाकीतली वीतभर नळी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकात कविता लिहावी, फार तर प्रवासवर्णन लिहावे, असा एक रिवाज पडून गेला आहे. त्या पंगतीत मोटारसायकलच्या नळीवरचा लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाशी रोज सकाळी गाड्यांची जी रांग लागते ती पाहावी. खेड्यांतून येणारे निम्मे विद्यार्थी आणि कित्येक प्राध्यापक त्या दोन चाकांच्या भरवशावरच वर्गात पोहोचतात. तेव्हा या विषयाला परका कसे म्हणावे? शिवाय माझे मामा तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतात आणि कॉलेज सुटल्यावर मी तिथे हाताखाली असतो. त्यामुळे हा विषय मला पुस्तकाआधी हातांनी शिकवला.

पूर्वीच्या गाड्यांची गोष्ट सोपी होती. राजदूत असो, येझदी असो वा बुलेट, टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली. कॉक उघडला की पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरे. नळीवर दाब असा नव्हताच, जो काही असे तो दीड-दोन वीत उंचीच्या पेट्रोलचा. नळी कडक झाली, तडकली, तर पेट्रोल खाली ठिबके, वास येई आणि दोष डोळ्यांना दिसे. बोटभर नवी नळी कापून चढवली की काम झाले.

हे चित्र पुढे पालटले. आपल्या देशात २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफ. आय. ही इंजेक्शनवर चालणारी मोटारसायकल आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि धूर कमी करण्यासाठी नव्या मोटारसायकलींमध्ये इंजेक्शन जवळजवळ सार्वत्रिक झाले. इंजेक्टर म्हणजे अतिशय बारीक छिद्रांची पिचकारी. तिच्यातून पेट्रोलचा फवारा उडवायचा तर मागून जोर हवा. तो जोर टाकीच्या आत बसवलेला विजेवरचा पंप देतो. पंप आत ठेवण्याचे कारण उघड आहे. भोवतालचे पेट्रोल त्याला थंड ठेवते, आणि पेट्रोल लांबून ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे पंपाला सोपे जाते.

हा दाब पुष्कळ गाड्यांत चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो, म्हणजे हवावाल्याच्या भाषेत ४३ पौंडांच्या आसपास असतो. मागच्या चाकात आपण साधारण ३० पौंड हवा भरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कल्पना येईल. नुसत्या उंचीने एवढा दाब मिळवायचा झाला, तर टाकी सुमारे ४० मीटर उंच, बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवर न्यावी लागेल!

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अनेक गाड्यांत पंपाच्या तोंडापासून टाकीबाहेर जाणाऱ्या तोटीपर्यंत वीतभर किंवा त्याहून आखूड नळी असते. ती आतून दाब सोसते आणि बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडालेली असते. पेट्रोल कमी झाले की उघडी पडते, टाकी भरली की पुन्हा बुडते. इंजिनाची आणि उन्हाची धग असतेच. हे सगळे वर्षानुवर्षे चालते. मग एखाद्या दिवशी नळीला उभी चीर पडते, किंवा ती फुगून मऊ होते आणि क्लिपमधून निसटते.

रबराचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापविण्याची क्रिया शोधली आणि रबर टिकाऊ झाले. पण झाडाच्या चिकाचे रबर पेट्रोलमध्ये फुगते, ते फुगतेच. म्हणून १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर तयार झाले. ते पेट्रोलला दाद देत नाही. मात्र पेट्रोलच बदलले, तर रबरालाही नव्याने परीक्षा द्यावी लागते. आपल्या उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि काही जातींचे रबर अधिक फुगवते. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केले आहे. ज्या उसावर आमच्या भागातली घरे उभी राहिली, त्याच उसाचा अंश आमच्या जुन्या गाड्यांच्या नळ्यांची कसोटी पाहतो आहे, ही गमतीची गोष्ट म्हणावी की विचार करण्याची?

या बिघाडाची खरी अडचण अशी की तो दिसत नाही. नळी टाकीच्या आतच फाटल्याने पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत पडते. जमिनीवर थेंब नाही, वास नाही. किल्ली फिरवली की पंपाची दोन-तीन सेकंदांची गुणगुण नेहमीप्रमाणे ऐकू येते. चीर लहान असेल तर गाडी सुरूही होते, जागेवर नीट चालते, पण चढावर पिळली की गचके देऊन बंद पडते. मग कोणी प्लग बदलतो, कोणी बॅटरी, तर कोणी अख्खा पंप.

गेल्या पावसाळ्यात एक दूधवाले अण्णा गाडी ढकलत मामांकडे आले. "पंप गाणं म्हणतोय, पण गाडी काय उठंना," त्यांनी एका वाक्यात रोग सांगितला. एका ठिकाणी त्यांना पंपाचा पूर्ण संच बदलायला सांगितले होते. नळी सुटी मिळत नाही, हे त्यामागचे कारण. संचाची किंमत ऐकून दहा दिवसांचे दुधाचे बिल त्यातच जाईल असा त्यांचा हिशेब झाला, आणि गाडी बंद म्हणजे दूध डेअरीला पोहोचणार कसे? मामांनी आधी दाब मोजायचे मीटर लावले. काटा अर्ध्यावरही चढेना. पंप बाहेर काढला तेव्हा नळीच्या टोकाला नखाएवढी चीर निघाली. पंप शाबूत होता. संध्याकाळच्या धारेला गाडी परत गेली.

ही दुरुस्ती गाडीमालक स्वतःही करतात, परंतु तिचे काही नियम आहेत. गाडी पूर्ण थंड असावी, जागा मोकळी आणि हवेशीर असावी. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. म्हणून जवळ विडी, चूल, उघडा दिवा काही नको. पंपाची वायर सोडवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार काढावी, पेट्रोल बंद डब्यात काढून घ्यावे आणि मगच पंपाचे बोल्ट खोलावेत.

नवी नळी निवडताना बहुतेकांची फसगत होते. दुकानात इंजेक्शनची नळी म्हणून जी मिळते ती बहुधा बाहेरून वापरायची असते. तिचे आतले अस्तर पेट्रोल सोसते, पण बाहेरचे कवच सतत बुडून राहण्यासाठी केलेले नसते. ते काही काळात फुगते, सोलते आणि त्याचा गाळ फिल्टरमध्ये अडकतो. बुडवून वापरायच्या नळीवर 'एस. ए. ई. जे-३० आर-१०' असा छाप असतो. ती महाग पडते, पण लागते वीतभरच. क्लिपही गुळगुळीत पट्टीची, इंजेक्शनसाठीची घ्यावी. खाचांची साधी क्लिप किंवा बाइंडिंगची तार रबर कापते. काही गाड्यांत रबराऐवजी नायलॉनची वळ्यावळ्यांची नळी असते. ती चढवताना टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करतात, काडी पेटवून नव्हे. झाकणाखालची रबरी कडी पेट्रोलने फुगलेली असेल तर खाचेत बसत नाही, तेव्हा ती नवीच टाकावी. शेवटी पाच-सहा वेळा किल्ली फिरवून सर्व जोड कोरडे आहेत ना, हे पाहावे आणि मगच इंजिन सुरू करावे.

टाकीबाहेरची नळीही अधूनमधून तपासावी. आतली फाटली तर गाडी थांबते, बाहेरची फाटली तर ४३ पौंडांच्या जोराने पेट्रोल तापल्या इंजिनावर उडते. पेट्रोलचा वास आला तर "घरी जाऊन पाहू" म्हणू नये, गाडी तिथेच बंद करावी.

वर्गात आम्हाला तर्कशास्त्र शिकवतात. कार्यावरून कारणाकडे जाताना मधली एकही पायरी गाळू नये, असे प्राध्यापक सांगतात. पंप वाजतो, दाब नाही, गळती दिसत नाही, म्हणजे गळती आतच असली पाहिजे. हे अनुमान सातवीपर्यंत शिकलेले मामा रोज मांडतात. सुटा भाग मिळेनासा होऊन पूर्ण संचच विकला जाऊ लागला, की असे अनुमान करणाऱ्या माणसाची गरजही कमी होत जाते आणि त्याचा भार शेवटी दूधवाल्या अण्णांच्या खिशावर पडतो. म्हणून गाडी बंद पडली तर नवा संच घेण्यापूर्वी एकच विनंती करावी: "आधी दाब मोजा आणि आतली नळी पाहा."