बडतर्फीनंतरचे राजकारण

मे १९७४ चा रेल्वे संप म्हणजे काय, हे भुसावळच्या वाचकाला निराळे सांगण्याचे कारण नाही. सुमारे १७ लाख कामगारांचा तो संप वीस दिवसांत मोडून काढण्यात आला. हजारोंना अटक झाली, हजारो बडतर्फ झाले, रेल्वेच्या क्वार्टर्समधून कुटुंबांना बाहेर काढण्यापर्यंत मजल गेली. पुढील वर्षी आलेल्या आणीबाणीची ही नांदी होती, असे आपल्याकडे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु सातच वर्षांनी, आणीबाणीचे नावही नसलेल्या अमेरिकेत असाच प्रसंग घडला आणि त्याचा शेवट मात्र सर्वस्वी वेगळा झाला. पगारदार माणसाने हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

३ ऑगस्ट १९८१ रोजी तेथील विमान वाहतूक नियंत्रकांनी संप पुकारला. वेतनवाढ, आठवड्याला ३२ तासांचे काम आणि अधिक चांगले निवृत्तिवेतन या त्यांच्या मागण्या होत्या. संघीय कर्मचाऱ्यांच्या संपास तेथे कायद्याने बंदी आहे. अध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ती संपताच ११ हजारांहून अधिक नियंत्रकांना काढून टाकले. वस्तुतः याच संघटनेने १९८० च्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता. आणि रेगन म्हणजे चित्रपट अभिनेत्यांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष, १९६० साली खुद्द संपाचे नेतृत्व केलेले गृहस्थ! पर्यवेक्षक आणि लष्करी नियंत्रक बसवून, उड्डाणे कमी करून सरकारने वेळ निभावून नेली. जनमतही बव्हंशी अध्यक्षांच्याच बाजूने राहिले.

या घटनेचा खरा परिणाम विमानतळांवर नव्हे, खाजगी कारखान्यांत दिसला. संपकऱ्यांच्या जागी कायमचे नवे कामगार घेण्याची मुभा अमेरिकी मालकांना १९३८ च्या एका न्यायनिर्णयापासून होतीच. पण लोकलज्जेस्तव ती फारशी वापरली जात नसे. अध्यक्षानेच ती लाज सोडल्यावर मालकांनी का बाळगावी? १९८३ साली ॲरिझोनातील तांब्याच्या खाणींत तेच झाले. हजार वा अधिक कामगारांचे संप व टाळेबंद्या अमेरिकेत १९७४ साली ४२४ झाल्या होत्या. १९९९ साली त्या अवघ्या १७ होत्या. याचे सारे श्रेय वा अपश्रेय रेगन यांना देणे अर्थशास्त्राला धरून होणार नाही. महाग पतधोरण, १९८२ अखेरीस १०.८ टक्क्यांवर गेलेली बेरोजगारी आणि परदेशी मालाची स्पर्धा यांनीही संघटनांचे कंबरडे मोडले. तथापि भीतीचा वाटा लहान नव्हता. अशा कायमच्या बदली कामगारांवर बंदी घालणारे विधेयक १९९४ साली सिनेटमध्ये अडवले गेले, तेव्हा सत्तेवर डेमोक्रॅट पक्ष होता, हेही ध्यानात घ्यावे. नियंत्रकांवरील बंदी क्लिंटन यांनी १९९३ मध्ये उठवली. तोवर बारा वर्षे उलटली होती.

आपल्याकडे काय झाले? संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगातून लोकसभेवर निवडून आले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ कामगार पुन्हा कामावर आले. ज्या बोनससाठी एवढे रामायण घडले, तोही उत्पादकतेशी निगडित स्वरूपात १९७९ साली पदरात पडला. कामगार संपात हरले होते, ते मतपेटीत जिंकले. अमेरिकेत ११ हजार नियंत्रकांची मते देशभर विखुरलेली होती. आपल्याकडे १७ लाख कुटुंबे होती, आणि त्यांना आपले मानणारे विरोधी पक्ष होते.

२००३ साली तमिळनाडू सरकारने सुमारे पावणेदोन लाख कर्मचारी व शिक्षक एका फटक्यात बडतर्फ केले. शासकीय सेवकांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही त्याच प्रकरणात सांगितले. तरी त्यांतील बहुतेकांना माफीपत्रे लिहून घेऊन परत घ्यावे लागले. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी महाराष्ट्रातील कर्मचारी आठवडाभर संपावर होते, तेव्हाही संख्याबळाची ही जाणीव दोन्ही बाजूंना होती.

परंतु हे संरक्षण कायम नोकरीत असणाऱ्यांचे. कंत्राटी लिपिक आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आज त्याच कार्यालयांत नि त्याच वर्गांत उभे आहेत. त्यांना बडतर्फ करण्याचा प्रश्नच येत नाही. पुढील नेमणुकीचा आदेश निघत नाही, एवढेच. तमिळनाडूत निदान माफीपत्र तरी मागितले गेले होते.