पंखा गप्प असताना

कायमचा बिघाड शोधणं त्यामानाने सोपं असतं. मशीन सुरू केलं की तो दिसतो. अधूनमधून येणारा बिघाड मात्र दुरुस्तीच्या दुकानात नेमका दडून बसतो. ‘लॅपटॉप मधेच हँग होतो’ अशी तक्रार घेऊन गेलं, की म्हणूनच बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून टाका.

सप्तापुरात ही तक्रार वरचेवर कानावर येते. धारवाडचा हा भाग कोचिंग क्लासचा, अभ्यासिकांचा आणि पीजींचा. बेळगाव, विजयपूर, बागलकोटकडची मुलं इथे खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. खानापूरची माझी भाची त्यांतलीच, बँकेच्या परीक्षांसाठी आलेली. बँकेच्या पूर्वपरीक्षेत 100 प्रश्नांना 60 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. सरावही तसाच घड्याळ लावून, लॅपटॉपवर. त्यात पडदा मिनिटभर अडकला की पेपर वाया जातो, आणि मुलीचा धीरही.

“मामा, फॉरमॅट मारून घेऊ?” तिने विचारलं. मी म्हटलं, “आधी वही काढ.”

वहीत लिहायचं ते एवढंच: किती वाजता अडकला, काय काय उघडं होतं, कुठे बसली होती, चार्जर लावलेला होता की बॅटरीवर चालू होता, आणि पंख्याचा आवाज कसा होता.

प्रोसेसर अचानक व्यग्र होण्याची नेहमीची कारणं ठाऊक असतात. अँटीव्हायरस फाइली तपासत असतो, विंडोजचं अपडेट मागे चालू असतं, सर्चची अनुक्रमणिका नव्याने बनत असते, ब्राउझरच्या वीस टॅबपैकी एखादी बिघडलेली असते. टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त खाणारा वर येतो. पण त्यासाठी तो त्या क्षणी खात असायला हवा. लपून क्रिप्टोकरन्सीची आभासी नाणी खणणारे काही घातक प्रोग्राम तर टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात. त्यामुळे आपण पाहत नसतानाही नोंद होत राहणं गरजेचं असतं.

विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर नावाचं साधन आधीपासूनच असतं. त्यात दर 15 सेकंदांनी दोन आकडे फाइलमध्ये उतरतील अशी सोय केली: प्रोसेसर किती टक्के वेळ कामात होता, आणि तो आपल्या मूळ वेगाच्या किती टक्क्यांनी चालत होता. मग वही आणि फाइल शेजारी ठेवून वाचायला बसलो.

वहीतल्या वेळा आणि फाइलमधले चढ जुळत होते. त्या वेळी प्रोसेसर जवळपास शंभर टक्के व्यग्र होता, पण काम फक्त ब्राउझर आणि सराव परीक्षेचं. इतर वेळी तेच काम तो सहज करत होता. मग वहीतल्या एका नोंदीपाशी थांबलो. लॅपटॉप अडकला तेव्हा पंखा गप्प होता.

प्रोसेसर खरंच राबत असेल तर तो तापतो, आणि तापला की पंखा घोंघावतो. इथे आकडा वर आणि लॅपटॉप गार. उत्तर दुसऱ्या रकान्यात होतं. 2.4 गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर त्या वेळी 0.4 च्या आसपास रांगत होता. टक्केवारी सांगते ती वेळेची गोष्ट: प्रोसेसर किती वेळ मोकळा नव्हता, एवढंच. ओझं तेवढंच राहिलं आणि बैलाच्या जागी वासरू जुंपलं, तर वासरू दिवसभर राबणारच.

वेग कोण पाडत होतं? वहीनुसार बॅटरीवर असताना त्रास एकदाही नव्हता. होता तो चार्जर लावल्यावर, आणि बहुतेक वेळा अभ्यासिकेत. तिथला प्लग टेबलाखाली असल्याने वायर चार्जरच्या टोकाशीच वाकत होती. काही लॅपटॉपच्या चार्जरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते. चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यातून कळतं. तो निरोप तुटला, की चार्जरवर ताण येऊ नये म्हणून लॅपटॉप स्वतःहून प्रोसेसरचा वेग पाडतो. बायोसमध्ये जाऊन पाहिलं. वायर सरळ धरली की चार्जरचे वॅट दिसत. वाकवली की चार्जर अनोळखी ठरे.

तरी लगेच निष्कर्ष काढला नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा तेवढ्याच वॅटचा, त्याच कंपनीचा चार्जर मागून घेतला आणि दुसरं काहीही बदललं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या कामातला पहिला नियम. चार गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशाने झालं ते कळत नाही. त्या चार्जरवर अभ्यासिकेतही वेग टिकला. मग नवा चार्जर घेतला.

फॉरमॅट मारला असता तर नोट्स गेल्या असत्या, दिवस गेला असता, आणि बिघाड चार्जरच्या टोकाशी तसाच राहिला असता. फॉरमॅट कधीकधी लागतोही, पण तो शेवटचा उपाय. त्याने दोषाबरोबर पुरावाही पुसला जातो. ‘अधूनमधून’ होणाऱ्या बिघाडालाही कारण असतं. फक्त तो कोणत्या परिस्थितीत होतो हे अजून कुणी टिपलेलं नसतं. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर इथली मुलं आपलं भविष्य घडवत आहेत. दुकानात जाताना त्यांनी लॅपटॉपसोबत अशा नोंदींचा एक कागद न्यावा, आणि दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी तो वाचावा.